डावा गोरा, उजवा काळा

भिलाई, रविवार, २५ मार्च १९६२

आज गोंदियाचे पाहुणे मले पाहून गेले. पोहे देताना मुलाच्या मावशीनं माझे दोन्ही हात धरले अन् उलटेपालटे करून पाहिले. डावा गोरा, उजवा काळा. गोल्फ खेळताना हातमोजा फक्त डाव्या हातात असते ना. उजवा दिवसभर उन्हात.

"यातला खरा रंग कोनता?" मावशीनं विचारलं.

आई पटकन म्हणाली, "डावा."

"उजवा" असं कावून नाही म्हटलं मी? सतराव्या वर्षी क्लबनं मले पगारावर ठेवलं ते याच काळ्या हातासाठी. पुढच्या महिन्यात कलकत्त्याले खेळाले पाठवून राहिले. बाबा प्लांटमध्ये सगळ्याइले सांगत फिरत होते. अन् आज मावशीले म्हणतात, "शौक होता पोरीले."

होता?

जातानाच पसंती सांगून गेले. कोणाले पसंत केलं? डाव्या हाताले.

ते गेल्याबरोबर आईनं उजव्या हाताले बेसन-हळद थापली अन् वरून तोच मोजा चढवला. "आई, डाव्या हाताचा आहे तो." ऐकते कोण! तळव्याची बाजू वर आली, अंगठा वाकडा झाला. मनगटाशी दोऱ्यानं गाठ मारून आई समोरच बसली आहे.

म्हणून आजचं अक्षर असं. डाव्या हातानं लिहून राहिली.