विमानाची काच

प्रिय दादा,

पाकीट पाहून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, म्हणजे परवा फोनवर सांगितलं तेवढेच बरे आहेत. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता, त्यात काही बदल नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात छाती उघडायची म्हणजे भीती असतेच, पण नाही उघडली तर जास्त. हे वाक्य मी चार दिवस उलटसुलट करून पाहतेय, कुठूनही धरलं तरी बोचतं. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. या आठवड्यात तीन वेळा फोन केला ना मी? तिन्ही वेळा वहिनी कशी आहे, तुझा गुडघा कसा आहे एवढं विचारून ठेवून दिला. जे सांगायचं होतं ते तोंडातून निघेना. आणि तुझं प्रत्येक वेळी ‘बघतो, जमलं तर येतो.’ म्हणून आज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळात, लेन्स घासायच्या मशीनपाशी बसून लिहायला घेतलंय. अक्षर वाकडं आलं तर मशीनच्या हादऱ्यामुळे आलं असं समज. मशीन बंद आहे, पण तू तसं समज.

आधी विमानाचं सांगते, कारण बाबा दुसरं काही बोलतच नाहीत. तो प्लास्टिकचं छोटं विमान जोडायचा खोका तुला आठवत असेलच. कसला विसरतोयस तू. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर येते तर हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर चढून आईच्या कपाटावरून तो काढतोय. मी रागावले, तर मला म्हणतात, शिडीवर उभं राहून मी तीन मजली पाट्या रंगवल्यात, तू मला स्टूल शिकवू नकोस. चौतीस वर्षांची धूळ पुसली आणि खोका टेबलावर उघडला. सुटे भाग जसेच्या तसे होते, आपापल्या चौकटीत चिकटलेले. गोंदाच्या ट्यूबचा दगड झाला होता. पंखांवर लावायची चिन्हं ज्या कागदावर असतात तो चहा सांडल्यासारखा पिवळा पडला होता. वैमानिकांच्या डोक्यावरची ती प्लास्टिकची काच तेवढी नव्हती, ती तर तेव्हापासूनच नाही. मला वाटलं, ती नाही म्हटल्यावर खोका पुन्हा बंद करतील. पण ते म्हणाले, काचेचं शेवटी बघू, बाकीचं तर होऊ दे. तेव्हापासून आम्ही जेवतो ते मांडीवर ताट घेऊन, कारण टेबल विमानाचं झालंय.

तू पाहायला हवं होतंस, खरंच. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानांच्या शटरवर पुरुषभर उंचीची अक्षरं लिहिली, तो तीन केसांचा ब्रश घेऊन मसुरीएवढ्या चाकाला रंग देत होता. श्वास रोखून एक रेघ, मग श्वास सोडून थांबायचं, मग दुसरी. राखाडी रंग चार वेळा कालवला. पहिला फार निळा, दुसरा मेलेला, तिसरा म्हणे सरकारी कचेरीचा. चौथ्याला मान डोलावली. मी चष्म्यांच्या फ्रेमचे बारीक स्क्रू दिवसभर फिरवते, तरी मला काही हात लावू देत नव्हते. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून द्यायचा, एवढीच माझी बढती झाली. लहानपणी तीही नव्हती, तुला आठवत असेल. तुम्ही दोघं टेबलाशी आणि मी, तू शेपूट म्हणायचास ती, दारात. ‘हात लावू नकोस’ हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं की माझं नाव तेच असावं असं वाटायचं.

मग एक दिवस वेगळाच प्रकार झाला. हे विमान तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली आणि दोन मागे. मागची बाजू जड, म्हणून पोटाच्या दोन्ही बाजू जोडण्याआधी नाकात शिशाचे तुकडे भरावे लागतात. माहितीच्या कागदावर तसं ठळक लिहिलंय. बाबांनी ते मला वाचून दाखवलं होतं, शिसं आणून बशीत काढूनही ठेवलं होतं. आणि तरी ते न भरताच त्यांनी दोन्ही बाजू जोडल्या, सांध्यात लांबी भरली, घासली, प्रायमर मारला, चाकं लावली, आणि उभं करायला गेले तर विमान शेपूट टेकून बसलं, दारातल्या कुत्र्यासारखं. मी हसले. बाबा हसले नाहीत. बशीकडे बघत बसले. तो गोंद साधा नसतो, दादा, तो नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतो. एकदा लागला की मागे फिरायची सोय नाही. तीन दिवस ब्लेडने पोट कापत होते, शिसं आत घालून पुन्हा जोडलं. पन्नास वर्षांत ज्याची एक वेलांटी चुकली नाही त्याने एवढी मोठी गोष्ट विसरावी, तिथेच मला संशय यायला हवा होता. त्या दिवशी सकाळपासून छातीत दुखत होतं हे त्यांनी पुढे डॉक्टरांना सांगितलं. मला ताकास तूर लागू दिली नाही. मी मात्र हसले होते, ते आता सारखं आठवतं.

सोमवारी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं तेव्हा विमान रंगवून झालं होतं, चिन्हं लावायची राहिली होती. खाटेवरून हुकूम सुटायला लागले. चिन्हांचा पिवळा कागद त्यांनी आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटवला होता, उन्हाने पिवळेपणा जातो म्हणून. मला वेडेपणा वाटला, पण खरंच गेला. आता ती मी लावायची होती, पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून. जुनं चिन्ह पाण्यात टाकलं की त्याचे तुकडे तुकडे होतात, म्हणून आधी वरून वॉर्निशचा हात द्यायचा, ते वाळू द्यायचं, मग एक बिनमहत्त्वाचं चिन्ह पाण्यात सोडून बघायचं. एकच संच, फुटलं तर दुसरं नाही. दादा, मी रोज लोकांच्या डोळ्यांचे नंबर बसवते, पण त्या बशीतल्या पाण्यासमोरून दोनदा उठून हात धुऊन आले. मनात एक खुळं येऊन बसलं होतं, की ही चिन्हं अखंड लागली तर गुरुवारही नीट पार पडेल. असलं काही मी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी सगळी लागली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. एका चिन्हाचा कोपरा गेला, पंखाखालच्या. तो मी बाबांना सांगितलेला नाही.

आता विमानात फक्त काच नाही. वैमानिकांच्या डोक्यावर उघडं भोक आहे, धूळ जाऊ नये म्हणून बाबांनी कागदी टेप लावून ठेवलीय. मी म्हटलं, माझ्याकडे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आहे, गरम करून साच्यावर ओढून देते, कुणाला ओळखू येणार नाही. तर नको म्हणाले, त्याचीच पाहिजे. आणि आत दोन वैमानिक आहेत ना, पुढे शिकणारा आणि मागे शिकवणारा. शिकवणारा बाबांनी आता नव्याने रंगवला. शिकणारा तूच रंगवलेला, चौदा वर्षांचा असताना, लाल टोपीचा. त्या टोपीचा रंग कानावरून ओघळून खांद्यावर आलाय. मी विचारलं, हा पुसून नीट करू का, तर पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, त्याला हात लावू नकोस. चौतीस वर्षं ज्या मुलाचं नाव ते घेत नव्हते, त्याची टोपी त्यांनी तशीच ठेवली, दादा. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या रविवारबद्दल आपण कधी बोललोच नाही. बाबांनी खोका उघडला, काच नव्हती. आदल्या दिवशी तू ती मित्रांना दाखवायला शाळेत नेऊ का म्हणून विचारलं होतंस आणि ते नाही म्हणाले होते, म्हणून त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. पलंगाखाली, कपाटामागे, केराच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. मीही शोधत होते. तू दोनदा म्हणालास की मी नेली नाही. मग बाबांनी तुला मारलं, काचेसाठी नव्हे, खोटं बोलतोस म्हणून. तिसऱ्यांदा तू काही बोललाच नाहीस. सात वर्षांची मी दारात उभी होते, अंगठा मुठीत धरून. तुझी मान वळली आणि तू माझ्या मुठीकडे पाहिलंस, असं मला वाटतं. मग खोका कपाटावर गेला. तू त्यांच्याबरोबर पुन्हा कधी टेबलाशी बसला नाहीस आणि चार वर्षांनी लिफ्टच्या कामावर जो गेलास तो गेलासच. आई गेली तेव्हा आलास, तर लॉजवर उतरलास. लोक म्हणतात, एवढ्याशा काचेवरून कुणी घर सोडतं का. मला माहीत आहे की काचेवरून नव्हतं ते.

काल भेटायच्या वेळेत बाबांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली. मला वाटलं, कागदपत्रांचं काही सांगतात. तर म्हणाले, त्याला लिही, काच असेल अजून त्याच्याकडे तर घेऊन ये म्हणावं. म्हणावं, आता मी काही बोलणार नाही, लहान होता तो, चूक झाली असेल. एवढं बोलून दमले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. इतक्या वर्षांनी त्यांनी तुला माफ केलं आणि मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

कारण काच माझ्याकडे आहे. त्या शनिवारी घरात कुणी नव्हतं. मलाही काहीतरी चिकटवायचं होतं, एकच गोष्ट, तुमच्यासारखं. गोंद बोटांना लागला आणि मी काच उचलली, आणि जिथे अंगठा टेकला तिथे ती वितळली. फ्रॉकला पुसली तर आणखी धुरकटली. आधी मी ती लहान झालेल्या बुटाच्या टोकात लपवली, मग कंपासपेटीत, आणि दुकान घेतल्यापासून इथे खणात, चष्म्याच्या डबीत. मशीनवर घासून पाहिली, पॉलिश करून पाहिली. इतरांच्या काचांवरचे ओरखडे काढण्यात माझा जन्म गेला, हा ठसा काही निघत नाही, फार खोल गेलाय. ती डबी या पत्राबरोबर पाठवतेय, कापसात नीट बांधून. तुला वाटेल, माझी चूक मी पुन्हा तुझ्याच हातात देतेय. तसं नाही. विमान तुझ्यावाचून पुरं होऊ नये, म्हणून पाठवतेय. बुधवारी चार ते सहा भेटायची वेळ आहे, विमान मी टोपलीत घालून तिथे नेते. बाबांना मीच सांगणार, तुझ्यासमोर. पण मला माझी खात्री नाही, चौतीस वर्षांत रोज सकाळी सांगायचं ठरवून रोज भ्याले आहे. ऐन वेळी माझी जीभ अडलीच, तर तू काही बोलू नकोस, तू पुष्कळ गप्प राहिलास, आणखी एकदा राहा. काच फक्त खिडकीकडे धरून त्यांच्या हातात दे. त्यांची नजर अजून शाबूत आहे. अंगठा केवढासा आहे ते त्यांना दिसेल.

वाट पाहणारं,
तुझंच शेपूट