समोरच्या दारातलं स्थळ

११ नोव्हेंबर
आज कामावर, दाताच्या क्लिनिकात, माझ्या काउंटरसमोर उचगावचे ते काका उभे. सोबत लेक. तिचे पुढचे दोन दात अर्धे. फॉर्म भरताना विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "घसरले." काका ओरडलेच, "खरं सांग की! नवऱ्यानं मारलं. सुटलीया आता त्याच्यातनं." मग माझ्याकडं निरखून, "पोरी, तू मंगळवार पेठेतली न्हवं?"
मी तर दारातच ओळखलेलं. फॉर्मवर तिचं नाव दोनदा खोडलं.

१२ नोव्हें.
कुणाला सांगू? इथंच लिहिते.
तीन वर्षांपूर्वी काका याच लेकीसाठी आमच्या गल्लीत स्थळाची चौकशी करत आलते. आमच्या समोरच्या घरातल्या सागरची. आई घरात न्हवती. "पोरगा कसा हाय?" सागर तेव्हा माझ्याशी धड बोलायचापण नाही, आणि माझा जीव सगळा त्याच्यात. म्हटलं, "चांगलाय हो. पण पितो. घरच्यांना माहीत न्हाय."
साफ खोटं. त्यानं आजवर थेंब घेतलेला नाही.
काकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. वर्षभरानं त्याच्याशी माझंच लग्न झालं.
चौकशीला आलेले लोक शेजाऱ्याला पोराबद्दल विचारतात. शेजारणीच्या मनात काय हाय, ते कोण विचारतंय!

१४ नोव्हें.
डोकं दुखतंय म्हटलं तर सा. नं भांडी घासली. वर आणि चहा. "गप गप का गं असतीस?" म्हणे.
त्या पोरीचं असतं हे सगळं. ती भाकरी थापत असती, हा तिला असंच विचारत असता.
परत दिला असता का मी त्याला? नाही. मेले तरी नाही. स्वतःची शिसारी येते ती यानंच.

१८ नोव्हें.
दात बसवायला आले. लेक आत गेली आणि काका काउंटरवर वाकले. "दुसरं स्थळ आलंय. तुमच्याच गल्लीतलं. तवा तू खरं बोललीस म्हणून विचारतो. रविवारी येतो घराकडं, सावकाश सांग."
मग, "त्या पेताड पोराचं काय झालं गं?"
मंगळसूत्र ओढणीखाली सरकवलं. "लग्न झालं."
"अरारा! कुणाची लेक अडकली बिचारी!"
खरंच वाईट वाटलं त्यांना. स्वतःच्या लेकीचं एवढं होऊन.

२३ नोव्हें., रवि.
काका अकराला येणार. माहेरच्या दारात, म्हणजे आमच्या समोरच. तेव्हा फोटोत बघितलंय त्यांनी सा. ला. मटण आणायला जावा म्हटलं तर साहेब पेपर घेऊन उंबऱ्यातच बसलेत.
शेवटी मीच त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "अहो, तुमचं एक स्थळ मोडलेलं..."
"व्हय की, उचगावचं." हसले. "बरं झालं बघ मोडलं. न्हाईतर तू कुठली मिळतीस मला?"
आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.
साडेदहा झालेत. अजून सांगितलेलं नाही.