सही झालेलं चित्र

बाबा, मी हल्ली उपनगरातली कलादालनं पालथी घालतोय. पेपरात दर आठवड्याला लोकांची टिंगल करून मी पोट भरतो, हे तुम्ही गेल्यानंतरचं. या खेपेला टिंगलीसाठी चित्रं निवडली. आईला बरोबर नेत होतो, कारण डॉक्टरने तिला चालायला सांगितलंय आणि दालनात एसी असतो. बोरिवलीच्या हॉलमध्ये चारी भिंतींवर घोडे, सगळे उधळलेले, आणि चित्रकार स्वतः दारात समोसे वाटतोय. मालाडला मॉलच्या वरच्या मजल्यावर नुसती बादली ठेवलेली. आई तिच्याभोवती फिरून छताकडे बघत म्हणाली, "गळती खंय दिसत नाय रे." ती बादली म्हणजेच कलाकृती होती. मुलुंडच्या एका बंगल्यातल्या खासगी संग्रहालयात आजोबांची पगडी काचेच्या आत, नातू काचेबाहेर, आणि धूळ दोघांवर सारखीच. मी खूश होतो. लेख आपोआप होत होता.

मग साकीनाक्याला गेलो. जुनं वर्कशॉप आहे, पांढरा रंग फासला तरी ग्रीसचा वास गेलेला नाही. पाडलेल्या चाळींतून भंगारात गेलेली माणसांची चित्रं तिथे मांडली होती. आत शिरलो. भिंतभर तुमचं काम. मागे तोच काळपट निळा पडदा, गालावर तोच उजेड. आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात लाल सही.

तुमची पद्धत घाटकोपरच्या आपल्या चाळीला तोंडपाठ होती. म्हातारी माणसं जिवंतपणीच स्वतःचं चित्र काढून घ्यायची, नाहीतर मुलं रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून लावतील ही धास्ती. तुम्ही चित्र द्यायचात, पण सही करायचा नाहीत. माणूस गेलं की तेराव्यानंतर मुलगा ते काखेत मारून दुकानात यायचा. तुम्ही चपला काढायचात आणि मग सही. सही नाही म्हणजे माणूस आहे. मी शाळेत असतानाची एक दुपार अजून दिसते. मी तुमच्या खुर्चीत बसलोय, पुढ्यात शेजारच्या काकांचं चित्र, हातात लाल ब्रश. तुम्ही मागून येऊन माझं मनगट असं धरता की कळ डोक्यात जाते. "मेल्या, माणूस जिवंत आसा अजून!" तेवढ्यात ते काका दारात चहाचे कप घेऊन उभे. हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

साकीनाक्याच्या भिंतीवर, अगदी मधोमध, आई होती. लग्नातल्या शालूतली, तुम्ही काढलेली. चाळ खाली करताना माळ्यावर राहून गेलेली. माझ्या बाजूला उभी असलेली आई चष्मा पुसून पुढे झाली, वाकली. "झिला," ती म्हणाली, "माझ्यावर सही हा."

मी दालनाच्या मुलीला पकडलं. ती गोड हसली. "सर, ज्यांच्यावर सही नव्हती ना, त्यांच्यावर आमच्या रिस्टोररने मॅच करून टाकलीय. सेट कम्प्लीट वाटायला पाहिजे ना!"

"अहो, ही बाई इथे उभी आहे! जिवंत!"

"वॉव," ती म्हणाली. "आजी, एक फोटो घेऊ तुमचा? चित्राच्या शेजारी?"

आईने फोटो काढून घेतला. घरी येऊन कपाट उघडलं आणि साड्यांचे गठ्ठे केले, हा सुनेला, हा कामवालीला. संध्याकाळी हृदयाची गोळी पुढे केली तर म्हणाली, "आता कित्याक?" मी चिडलो, "कुण्या गाढवाने केलेली सही आहे ती!" ती साडीची घडी घालत म्हणाली, "कोणी का करेना. झाली ना?" दुसऱ्या दिवशीही गोळी नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांवर सूज आली. डॉक्टर माझ्यावर ओरडला. त्याला काय सांगणार, पेंटरची बायको आहे म्हणून?

मग मी टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन एकटाच गेलो. आधी त्या मुलीशी भांडलो, शेवटी पेपरात छापीन म्हटलं तेव्हा तिने चित्र खाली उतरवून दिलं. नवी सही एका फटक्यात गेली, कुंकवासारखी फडक्यावर आली. हायसं वाटून मी कोपरा आणखी थोडा पुसला. माळ्यावरची काजळी निघाली आणि तिच्याखाली, बाबा, दुसरी सही. जुनी, तडकलेली, घट्ट. मी घासली, नख लावलं. ती हलली नाही. तुमचं वळण मी ओळखणार नाही का? मुलगी फोनवर होती. मी काजळी बोटाने परत त्यावर फासली आणि चित्र तिच्या हातात दिलं.

"गेली?" आईने विचारलं.

"गेली."

"सगळी?"

"सगळी."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पाणी मागितलं आणि गोळी घेतली. सूज उतरलीय. साड्यांचे गठ्ठे मात्र तिने अजून सोडलेले नाहीत. भुताखेतांवर इतकी वर्षं विनोद करणारा मी, आई दुपारी पडली की दारात उभा राहून तिचा पदर हलतोय का ते बघतो. लेख लिहिलेला नाही.

कधी केलीत ती सही? शेवटच्या आजारपणात, आपल्यामागे हे काम करणारं कोणी उरणार नाही म्हणून? तेवढंच असेल. तेवढंच असावं. की तिला शालूत समोर बसवून रंगवताना तुम्हाला काही दिसलं होतं? हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही उत्तर द्याल, याची मला भीती वाटते.