वसूसाठी बसवलेला उंबरठा

६ जानेवारी, सकाळी
काल नातीचा पहिला वाढदिवस झाला. केक उत्तम. कचोऱ्या कमी पडल्या, पण तो बायकोचा, म्हणजे चारूचा, अंदाज होता, माझा नाही.
एकच गोष्ट जिव्हारी लागली. शेजारचे बाबूराव आपल्या नातवाला, मानसला, घेऊन आले. पोरगं जेमतेम दहा महिन्यांचं. त्यांनी त्याला दारात सोडलं आणि ते तुरुतुरु चालत येऊन केकमध्ये हात घालून मोकळं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी आमची वसू सतरंजीवर बसून त्याच्याकडे बघत होती. बसून!
बाबूराव म्हणाले, अरे भिया, टेन्शन नही लेने का, सबका अपना-अपना टाइम होता है. हे म्हणताना ते हसत होते. मी पाहिलं.
आजपासून वसूचं ट्रेनिंग माझ्याकडे. सारा जन्म पीडब्ल्यूडीत गेला. पूल उभे केले, एक पोर उभं करता येणार नाही?
वेळ कमी आहे. मुलगा पियुष हैदराबादला नोकरीला. सूनबाई, म्हणजे नीरजा, माहेरचं बाळंतपण आटोपून आमच्याकडे आली ती इथेच, घरून काम करते. आता तिच्या ऑफिसनं बोलावलंय. रंगपंचमी झाली की २१ मार्चला दोघी जाणार. त्याच्या आत वसूचं पहिलं पाऊल ह्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर पडलं पाहिजे. घराण्याचा प्रश्न आहे. बाकी काही नाही.

७ जानेवारी
आमचे खापरपणजोबा होळकर सरकारच्या घोडदळात. आमच्यात सगळे नवव्या महिन्यात चालतात. मीही चाललो. वडील, अप्पासाहेब, चारचौघांत अभिमानानं सांगायचे. हे नीरजाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, पण बाबा, वसू तर अजून रांगतसुद्धा नाही.
हे मात्र खरं. वसू बसते, एक पाय दुमडते, एक हात मागे टेकते आणि बुडावर सरकते. स्पीड चांगला आहे. हॉलची फरशीही पुसून निघते. पण याला कुणी चाल म्हणणार नाही.
प्लॅन ठरला. आधी रांगणं, मग उभं राहणं, मग चालणं. पायाच भरला नाही तर मजला कसा चढवणार?

१० जानेवारी
रांगण्याचं प्रात्यक्षिक दिलं. मी स्वतः. हॉलला दोन फेऱ्या. वसू सोफ्याला टेकून मन लावून बघत होती. तिला विषय कळला, हे नक्की.
गुडघ्यांना बाम लावला. चारू म्हणाली, अहो, तुम्हाला छान जमतंय, आता भाजी आणायला असेच जा. दुर्लक्ष केलं.

१५ जानेवारी
मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वसूला उभं धरलं, पाय वाकवून पाहिले, तिला हसवलं. म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास. काही मुलं नवव्या महिन्यात चालतात, काही दीड वर्षाला. काही रांगतच नाहीत, अशीच सरकतात आणि एक दिवस उठून चालू लागतात. अशी सरकणारी तर बऱ्याचदा उशिराच चालतात. कुणाशी कम्पेअर करू नका.
डॉक्टर तरुण आहेत. अनुभव कमी. नीरजाचा मात्र चेहरा खुलला. परत येताना तिनं मला जिलबी खाऊ घातली.

१९ जानेवारी
आज एकदम लख्ख उजेड पडला. आई सांगत होती की आमच्याकडे मूल रांगत उंबरठा ओलांडून बाहेर आलं की गल्लीत लाडू वाटतात. छत्रीबागेतल्या जुन्या घरी प्रत्येक पोराचे वाटले.
मी घरभर नजर टाकली. उंबरठा आहेच कुठे! टाइल्स बसवल्या तेव्हा हॉलपासून व्हरांड्यापर्यंत एकसारखी लेव्हल हवी म्हणून काढून टाकला. आयडिया कुणाची होती, ते आता महत्त्वाचं नाही.
पोरीला ओलांडायला काही ठेवलंच नाही, तर ती ओलांडणार काय? इतकी साधी गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली नाही.

२४ जानेवारी
हॉलच्या दारात उंबरठा बसला. अस्सल सागवान. वर हळदकुंकू. मी सुताराला उंची वाढवायला लावली. घराण्याला शोभेल असा हवा.
चारू म्हणाली, कुणीतरी आपटेल. मी म्हटलं, टेक्निकल गोष्टीत बोलू नये.

२८ जानेवारी
आत्तापर्यंत ठेचकाळलेले लोक: चारू, नीरजा, गॅसवाला, पुन्हा चारू. बाबूराव वाचले, कारण त्यांनी आधीच खाली पाहिलं. आई चौऱ्याऐंशीची, पण लुगडं किंचित उचलून आरामात ये-जा करते. म्हणते, तुम्ही सगळे पाय घासत चालता.
वसूची प्रगती: उंबरठ्यापर्यंत सरकत गेली, त्याला चाटलं आणि परत आली.

२ फेब्रुवारी
उंबरठ्यापलीकडे आमिष ठेवायचा प्रयोग. खुळखुळा, फेल. बाहुली, फेल. टीव्हीचा रिमोट ठेवल्यावर मॅडम सुसाट आल्या. उंबरठ्याला टेकून बसल्या, हात लांब केला, रिमोट उचलला आणि यू-टर्न. अंगाला जरासुद्धा तोशीस नाही.
चारू म्हणते, अक्कल कुणाची घेतलीय कोण जाणे, आपल्या घरातली दिसत नाही.
आजच लाडूंसाठी रवा आणून ठेवला. आपली तयारी हवी.

८ फेब्रुवारी, दुपारी
व्हरांड्यात पेपर वाचत होतो. आतून नीरजा ओरडली, अय्या, वसू गुडघ्यांवर आली! मोबाइल घेतला, कॅमेरा चालू केला, धावलो.
उंबरठा लक्षात राहिला नाही.

८ फेब्रुवारी, रात्री
घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पाय टेकायचा नाही. वसू सोफ्याखालचा बॉल काढायला वाकली होती फक्त, असं नंतर कळलं.
तरी एक नोंद महत्त्वाची. मी आडवा पडल्यावर वसूनं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा! टाळ्या हासुद्धा माइलस्टोन आहे, मी डॉक्टरांकडच्या चार्टवर वाचलंय. तो माझ्यामुळे गाठला गेला.

१० फेब्रुवारी
बाबूराव वॉकर घेऊन आले. त्यांचा स्वतःचा, जुना. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पाय मोडला होता. म्हणाले, मी तर महिन्याभरात चालायला लागलो होतो, भिया. इथेही हा माणूस पुढे.
चारू म्हणाली, उंबरठा काढून टाका. साफ नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?

१६ फेब्रुवारी
आज आईनं मर्मावर बोट ठेवलं. मी नीरजाला पुन्हा घोडदळाबद्दल सांगत होतो. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, हा? हा कुठला नवव्या महिन्यात चालतोय! दीड वर्षाचा होईस्तोवर बुडावर सरकत होता. वसूसारखाच. एक पाय दुमडून, हात मागे टेकून. रांगला कधी नाहीच. माझी सासू येता-जाता ऐकवायची की सुनेचं दूध पातळ. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे लाडू वाटले गेले, तेवढे ह्याचे राहिले ते राहिलेच. अप्पासाहेब लोकांना काय वाटेल ते सांगायचे.
नीरजा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. हसायलाच पळाली असणार.
आईचं वय झालं. माझ्या धाकट्या भावाशी गल्लत होत असावी.

१७ फेब्रुवारी
धाकट्या भावाला फोन केला. तो व्यवस्थित रांगायचा म्हणे. लाडूही वाटले होते.
विषय बंद.

२५ फेब्रुवारी
दिवसभर हॉलमध्ये आम्ही दोघंच. मी दिवाणावर, वसू खाली. नीरजा आतल्या खोलीत लॅपटॉपवर, चारू स्वयंपाकघरात. आम्हा दोघांना जेवण एकाच वेळी मिळतं. खिचडी. दोघांनाही कुणीतरी उचलून ठेवल्याशिवाय कुठे जाता येत नाही. म्हणजे मला. ती जाते.
माझ्या प्लास्टरवर तिचा फार जीव. त्याला टेकून बसते, वर थापट्या मारते, माझ्याकडे बघून हसते. आज तशीच टेकून झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.
२१ मार्च कॅन्सल होणार नाही का, असं नीरजाला सहज विचारलं. तिनं चहा आणून दिला.

४ मार्च
हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. हाड अजून जुळलं नाही, प्लास्टर आणखी तीन आठवडे. मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांचं तर महिन्याभरात जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, हर बॉडी का अपना टाइम होता है, अंकल. कम्पेअर मत कीजिए.
ह्या लोकांना कॉलेजात हेच एक वाक्य शिकवतात का? नीरजा शेजारी उभी होती. छताकडे बघत होती.

१२ मार्च
वसू वॉकर धरून उभी राहिली! माझा वॉकर! दोन्ही मुठींनी गच्च धरून, गुडघे लटलटतायत, तोंड अभिमानानं लाल. मी ओरडलो. ती दचकून खाली बसली. चूक माझी नाही, आवाज मुळातच मोठा आहे.
आता फक्त एक पाऊल. पोरी, एक टाक गं. नऊ दिवस आहेत.

१९ मार्च, रंगपंचमी, संध्याकाळी
सविस्तर लिहितो.
टीव्हीवर राजवाड्याची गेर, रंगपंचमीची मिरवणूक, चालू होती. बाहेर कॉलनीतली पोरं रंग उडवत होती आणि मी दिवाणावर. सगळे व्हरांड्यात. वसू आत सोफ्याला धरून उभी. मी म्हटलं, मला बाहेर यायचंय. वॉकर घेऊन दारापर्यंत गेलो. उंबरठा! एक पाय टेकायचा नाही, वॉकर पलीकडे जात नाही. चारूनं कमरेवर हात ठेवले. बोलली नाही, पण ऐकू आलं.
पण मी इंजिनिअर आहे. वॉकर मागे ढकलला. खाली बसलो. प्लास्टरचा पाय पुढे, दुसरा दुमडला, एक हात मागे टेकला. टेक्निक डोळ्यांसमोर रोज पाहत आलोय. सरकलो. उंबरठ्यावर चढलो, जरा अडकलो, श्वास घेतला आणि पलीकडे उतरलो!
काय टाळ्या पडल्या! बाबूराव तर फाटकातून आत धावले आणि डोक्यावर गुलाल ओतला. नीरजा व्हरांड्यातून पूर्ण व्हिडिओ काढत होती. पोरं हुर्रे करत होती. आणि आई उठली, लुगडं खोचलं, चारूला म्हणाली, रवा काढ. ह्याचे लाडू राहिलेत माझ्याकडे.
थट्टा वाटली. पण तासाभरात खरोखर तूप-रव्याचा वास सुटला. आईनं स्वतः गल्लीत घरोघरी जाऊन लाडू दिले. कुणी विचारलं कशाचे, तर सांगायची, आमचा थोरला उंबरठा ओलांडून आला. सासूच्या फोटोपुढेही एक ठेवला, जरा आपटूनच.
मला राग यायला हवा होता. आला नाही. आईचा चेहरा मी असा फार वर्षांत पाहिला नव्हता.

१९ मार्च, रात्री
नीरजानं व्हिडिओ पियुषला पाठवला. त्याचा लगेच फोन. आधी खूप हसला. मग एकदम म्हणाला, बाबा, मागे बघितलं का? तुमच्या मागे?
आम्ही सगळे नीरजाच्या मोबाइलवर वाकलो. मी दारात सरकतोय आणि मागे हॉलमध्ये वसू सोफा सोडते. थोड्या वेळानं ती वॉकरपाशी आहे. उभी!
चालली! आम्ही सगळे माझ्याकडे बघत होतो आणि ती मागच्या मागे चालली! नीरजा रडली, चारू रडली. माझ्या डोळ्यांत गुलाल गेला होता.
माझ्या घरात. माझ्या उपस्थितीत. २१ मार्चच्या आत. प्लॅन शंभर टक्के यशस्वी.

२० मार्च
दिवसभर चारी बाजूंनी मोबाइल रोखून बसलो. वसू बुडावर सरकत होती. बाबूरावही येऊन बसले होते. त्यांच्यासमोर तर ती चक्क झोपली.

२१ मार्च
गेल्या. गाडीत बसवायलाही जाता आलं नाही. नीरजानं पाया पडून वसूला माझ्या मांडीवर ठेवलं. वसूनं प्लास्टरवर दोन थापट्या मारल्या. मग नीरजा तिला कडेवर घेऊन बाहेर पडली. उंबरठ्यावर पाय उचलून. आता तिला सवय झाली होती.
घर एवढं मोठं कधी झालं? नकाशा मीच काढला होता.

२२ मार्च
व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. पहिलं पाऊल नीट बघावं म्हणून. चारूला चहा घेऊन समोर बसवलं. थांबवत थांबवत बघितला.
वसू सोफा धरून उभी आहे. एक हात सोडते. दुसरा सोडते. वॉकरकडे बघते. अंग पुढे झुकतं, टाच उचलते. त्याच क्षणी मी उंबरठ्यावर चढतो. पूर्ण पडदाभर मी. लाल चेहरा, जुनं बनियन, पोट. तिथेच मी जरा अडकलोय आणि श्वास घेतोय. मग मी पलीकडे उतरतो आणि मागे वसू वॉकरपाशी पोचलेली आहे, हसतेय.
मागे नेलं. पुन्हा लावला. पाच-सहा वेळा. पहिलं पाऊल कुठेच नाही. मध्ये मी आहे.
चारू आता टोमणा मारणार, असं वाटलं होतं. तिनं उठून डब्यातून लाडू आणून हातात ठेवला. म्हणाली, शेवटचा आहे, तुमचाच आहे, खा.
खाल्ला. चांगला झालाय.