दुखत नाही म्हणून

मंगळवार, संध्याकाळ

यांच्या टाचेला जखम झालीय आणि ती यांना दुखतच नाही. अंगात साखर, तरी सकाळी राजवाड्यामागच्या देवळात अनवाणी जाऊन आले. फरशीवर रक्ताचा डाग दिसला तो वन्संना. एक शिंक आली तरी घाबरणारी बाई, मी रोज हसते त्यांना.

"अण्णा, पाय दाखव!"

हे म्हणतात, "अगं, दुखत नाही, मग भ्यायचं कशाला? कॉफी आण, साखर घालून."

मी ओरडले, "दुखत नाही तेच वाईट! मामंजींचा पाय असाच कापावा लागला ना?" तरी हे हसले.

मग मीच टाच धुवायला बसले. दुखत नव्हतं, तर यांनी कॉटची पट्टी एवढी घट्ट कशाला धरली होती? मामंजींचं नाव काढायला नको होतं का मी? म्हणजे भितात हेसुद्धा. वन्संसारखंच. फक्त हसतात.

उद्या सकाळी डॉक्टरकडे नेते. वन्संनाही नेते. मला तिथं विचारायचा धीर होत नाही, त्या सगळं विचारतील. डॉक्टर कंटाळला तरी विचारू देत.