वरसेच्या जागेवरचं वाळवण

आई, काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वरसेची जागा आपली झाली. वेळ मी मुद्दाम पाहून ठेवली, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. रोह्याच्या रजिस्ट्रार कचेरीत आधी जुन्या मालकानं सही केली, त्याच्याखाली पनवेलच्या त्या व्यापाऱ्यानं केली आणि शेवटी मी. सही करण्याआधी मी सगळी पानं पुन्हा एकदा मोजली, प्रत्येकावरचा आकडा पाहिला, तुझं नाव जिथे जिथे आलं होतं तिथे ते नीट लिहिलंय का ते पाहिलं. कारकून म्हणाला, "अहो, पानं काय उडून जायची नायत." मी म्हटलं, "आठ वर्षं थांबलोय, अजून पाच मिनिटं थांबतो." मागे रांगेत उभा असलेला एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "मोजू दे त्याला." मग मी सावकाश मोजली.

तुला यातलं अर्धं माहीत आहे, अर्धं नाही. तरी मी क्रमानं लिहितो. वकिलांनी ती सवय लावली. जागा आपल्याकडे आली ती इस्रायली मावशींमुळे. आपल्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, पूर्वी त्यांच्याकडे तेलाचा घाणा होता, त्या ज्यू म्हणून शनिवारी त्यांची चूल पेटत नसे आणि शुक्रवारी संध्याकाळी तू त्यांच्याकडे आमटीची वाटी द्यायला गेलीस की मी तुझ्यामागून जायचो. वरसेच्या मालकाकडून त्यांनी दोन गुंठे घेतले होते. घेतले म्हणजे साठेखत झालं होतं, सगळी किंमत पोचली होती, ताबाही मिळाला होता. खरेदीखत तेवढं सरकारी परवानगी आल्यावर करायचं ठरलं होतं. परवानगी येईना आणि मावशींच्या मुलांची इस्रायलहून बोलावणी थांबेनात. एक दिवस त्या आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. तू पापडाचं पीठ कुटत होतीस, मी शेजारी लाटी तेलात बुडवून खात होतो. सोळा वर्षांचा झालो होतो, नववीतून शाळा सुटली होती, पण लाटी खायची सवय सुटली नव्हती.

"ती जागा तू घे गो," मावशी म्हणाल्या.

तू मुसळ थांबवलं नाहीस. "जागा तुझ्या नावावर झालीच नाय अजून. मला काय देशील?"

"खरेदीखत मागायचा हक्क हाय ना माझा. तोच तुला लिहून देते. माझ्या जागी तू उभी राहा."

तुझी पापडांतून साठलेली सगळी शिल्लक त्यात गेली. साठेखताच्या पाठीमागे मावशींनी आपला हक्क तुला लिहून दिला, दोन साक्षीदार झाले, आणि मला वाटलं काम संपलं. मावशींना तसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या की, मालकाला सांगितल्याशिवाय दिलेलं दिल्यासारखं होत नाही. मग शुक्रवारी दुपारी आपण तिघं वरसेला चालत गेलो. मालक ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघी बायांनी आपसात ठरवलंत, माझी सही कशाला?" मावशी म्हणाल्या, "उद्या तूच विचारशील, ही बाई कोण. म्हणून." तो उद्या ये, परवा ये करायला लागला. मावशी त्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दिवस बुडाला की माझा शनिवार लागतो, मग मी कागदाला हात लावणार नाय. आणि सोमवारी मी गावातच नाय. तुला आताच सही करायला लागेल." त्यांनी सांगितलं आणि त्यानं साठेखताच्या त्याच मागच्या बाजूला लिहिलं: हक्क यांना दिल्याचे मला समजले, खरेदीखत यांच्या नावे करून देईन. खाली त्याची सही, शेजारी साक्षीदार म्हणून त्याच्या शेजाऱ्याची. परत येताना मी तो कागद तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "पुरे. आता पेटीत ठेव."

कागद पेटीत गेला आणि तू जागेवर गेलीस. तुझं माहेर पेणचं, पोह्याचे पापड तुझ्या हातातच होते. आपल्या खोलीपुढे ऊन नव्हतं, वरसेच्या जागेवर दिवसभर. दर उन्हाळ्यात चार बाजा, त्यांवर धुतलेली जुनी लुगडी आणि त्यांवर तुझे पापड, एकाला एक न चिकटता, जणू कुणी पट्टी धरून मांडलेत. मधे तू बसायचीस, हातात काठी, डोक्यावर पदर. कावळ्यांना शिव्या द्यायचीस, बकऱ्यांना द्यायचीस, माणसांनाही कमी करायची नाहीस. मग मी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला लागलो. आमचा सुपरवायझर त्याच रस्त्यानं स्कूटरवरून जायचा. एकदा शिफ्ट सुटताना सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, पापडवाली तुझी आई का?" मी त्या दिवशी घरी येऊन तुला सांगितलं की, आता पुरे, मला पगार आहे, जागेला काटेरी कुंपण घालतो आणि कुलूप लावतो. कागद पक्का आहे, रोज तिथं उन्हात बसायची काय गरज आहे.

तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. "कागद पेटीत असतो. तो कुणाला दिसतो? मी इथं दिसते." मग थोड्या वेळानं म्हणालीस, "तुला लाज वाटते तर त्या रस्त्यानं येत जाऊ नको."

मी दुसऱ्या रस्त्यानं यायला लागलो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपल्या बाजा सापडेनात, तू शेजाऱ्यांच्या मागून आणल्यास आणि वाळवण घातलंसच.

त्याच उन्हाळ्यात तो व्यापारी जागा बघून गेला. आपल्याला पत्ताही नव्हता. पावसाळा संपला आणि एका सकाळी जागेवर सिमेंटचे खांब येऊन पडले. मालकानं जागा त्याला विकली होती, खरेदीखत रजिस्टर झालं होतं, सातबाराला नावही चढत होतं. कंपन्यांमुळे वरसेत भाव वाढले होते आणि परवानगी येऊन सहा महिने झाल्याचं मालकानं आपल्याला सांगितलंच नव्हतं. मी त्याच्या ओटीवर गेलो तर तो म्हणाला, "माझा करार त्या इस्रायली बाईशी होता. तुझ्या आईशी माझा काय संबंध?" उद्या तूच विचारशील, ही बाई कोण, असं मावशी म्हणाल्या होत्या, तेच झालं.

पेणचे वकील तुला मामांनी दाखवले. तू त्यांच्यासमोर पदर सावरून बसलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "त्याचा कागद शिक्क्याचा, माझा साधा. मग मी हरले का?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तसं नाही. मालकी अजून तुमची झालेली नाही, ते खरं. पण तुमच्याशी बांधलेला मालक ते बंधन झटकून जागा विकू शकत नाही. घेणाऱ्याला तुमचा व्यवहार माहीत असेल, तर तो जागेबरोबर ते बंधनही विकत घेतो. माहीत नसेल आणि सचोटीनं किंमत मोजली असेल, तर मात्र तो सुटतो आणि आपण अडकतो. सगळं तिथं आहे. त्याला माहीत होतं का?"

"त्याला कोण सांगणार?" तू म्हणालीस. मग, "मी तर तिथंच बसलेली असते."

वकिलांनी चष्मा परत लावला आणि ते वाक्य लिहून घेतलं. मला तेव्हा वाटलं की, ते तुझं मन राखायला लिहिताहेत.

दावा तुझ्या नावानं लागला. पहिल्या तारखेच्या आधीच तू काविळीनं गेलीस, आणि तुझ्या जागी वारस म्हणून माझं नाव लागलं. त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते काय सांगू. सुट्टीच्या दिवशी रोह्याहून पेणला जायचो, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. वाटेत कासू गाव आलं की पिशवी उघडून साठेखत आहे ना ते बघायचो, परत येताना कासूलाच परत बघायचो. झेरॉक्सच्या सहा प्रती चार ठिकाणी ठेवल्या होत्या. मालकाची मागच्या बाजूची सही कोर्टात आली तेव्हा तो आधी नाही म्हणाला, मग साक्षीदार उभा राहिल्यावर हो म्हणाला. म्हणजे मावशींच्या जागी तू, हे ठरलं. पण व्यापाऱ्याला माहीत होतं का, हा प्रश्न तसाच राहिला. त्याला कुणी सांगितल्याचा कागद नव्हता. तू बोलायला नव्हतीस. मला झोप लागत नसे.

मग त्याची उलटतपासणी झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. माणूस वाईट नव्हता, पांढरा सदरा, सरळ बोलणारा. वकिलांनी अगदी हळू आवाजात सुरुवात केली. जागा घेण्याआधी बघायला गेला होतात का? गेलो होतो. जागेवर काय होतं? काही नव्हतं, मोकळी जागा होती. काहीच नाही? गवत होतं थोडं. माणूस कुणी?

"एक बाई होती. पापड वाळवत होती."

"तुमच्याशी बोलली?"

"म्हणाली, बाजूला व्हा, सावली पडते."

"मग?"

"झालो बाजूला."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, पण त्यांचाही चेहरा सैल झाला होता.

"त्या जागेतून तुम्हाला बाजूला व्हायला सांगणारी ही बाई कोण, जागेवर कुठल्या हक्कानं बसली आहे, हे तुम्ही तिला विचारलंत?"

"नाही."

"का नाही?"

"पापडवाली होती ती. तिला काय विचारायचं?"

न्यायाधीश लिहीत होते, त्यांचं लिहून होईपर्यंत वकील थांबले. मग म्हणाले, "तिनं तुम्हाला काही दिलं?"

तो माणूस खाली बघून म्हणाला, "चार पापड दिले. उन्हाचे आलात म्हणाली, घरी भाजून खा."

आई, तू साक्षीला नव्हतीस, पण तुझी सगळी साक्ष त्यानं दिली. मला ज्याची लाज वाटली होती तोच शब्द त्याच्या तोंडून निघाला, आणि त्या शब्दानं आपण जिंकलो. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं आहे की, जागेवर दुसऱ्याचा ताबा डोळ्यांसमोर असताना ज्यानं विचारपूस केली नाही, त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून त्याला कळलेलंच धरायचं. त्याचं खरेदीखत आधीचं साठेखत मागे सारू शकत नाही. मालकानं आणि त्यानं मिळून आपल्या नावे खरेदीखत करून द्यावं. ते पान मला पाठ आहे. अपिलाच्या मुदतीचे दिवस मी कॅलेंडरवर एकेक करून खोडले, आणि शेवटचा खोडल्यावर पेढे आणले.

काल सह्या झाल्यावर तो व्यापारी बाहेर माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं, काही बोलेल. तो म्हणाला, "मालकाकडून माझं मी वसूल करीन, तुमच्यावर राग नाही." चप्पल घातली, दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "तसे पापड मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत." मी म्हटलं, "मलाही नाही."

आज मला सेकंड शिफ्ट आहे. सकाळपासून जागेवर बसलो आहे, मांडीवर ही वही. तुझ्या सुनेनं काल रात्रीच पीठ भिजवलं होतं, पापड जरा जाड झालेत, कडा फाटल्यात, तू बघितले असतेस तर सगळे परत लाटायला लावले असतेस. पण ऊन चांगलं आहे. मघाशी सुपरवायझर स्कूटरवरून गेला. आता त्याचे केस पिकलेत. त्यानं हात केला, मी काठीच वर केली.

एक राहिलं. माझी साक्ष झाली तेव्हा वकिलांनी विचारलं होतं की, जागेवर दरवर्षी वाळवण कोण घालायचं. मी शपथेवर सांगितलं, "आई आणि मी." त्या दाव्यात मी एकही आकडा चुकवला नाही, एकही तारीख चुकवली नाही, तेवढं एक खोटं बोललो. वाळवणाला मी एकदाही आलो नव्हतो. आणि ज्या वर्षी तो माणूस जागा बघायला आला, त्या वर्षी बाजा हरवल्या नव्हत्या. कंपनीतल्या एका मित्राच्या पडवीत मीच त्या नेऊन ठेवल्या होत्या, तू बसू नयेस म्हणून. तू शेजाऱ्यांच्या आणल्या नसत्यास तर त्या दिवशी जागेवर खरंच नुसतं गवत असतं.

हे पान मी वहीतून फाडून साठेखताबरोबर पेटीत ठेवणार आहे. बाजा परत आणल्यात. त्यातल्या एकीवर आत्ता पापड आहेत.