उंच गवत

गोइयास, ऑगस्ट

प्रिय जोएल,

तू माराबाला गेल्यापासून तुझी एक ओळ नाही, म्हणून मीही हट्टाने लिहिलं नाही. आता हट्ट बाजूला ठेवते. इथे गाई उपाशी आहेत, आणि त्याही पोटापर्यंत गवतात उभ्या राहून.

बाबांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. नदीकाठच्या कुरणात बाकीचे लोक गुरं चारून घेतात आणि पाऊस सरत आला की मग कोरड्या दिवसांसाठी फाटक लावतात. आपल्या बाबांनी यंदाही पहिल्या सरींनंतरच लावलं. का, तर रस्त्याने जाणाऱ्यानं म्हणावं, बेलार्मिनोच्या ब्राकियारिया गवतात घोडासुद्धा दिसत नाही! पाऊस संपून जूनमध्ये गुरं आत सोडली, तोवर गवत निबर होऊन नुसत्या काड्या राहिल्या होत्या. गाई दिवसभर त्या काड्यांतून एकेक पान वेचत फिरतात आणि दमतात. जे गिळतात ते पचत नाही, पोटात तसंच बसून राहतं, म्हणून पुढचं खाववत नाही. शेण इतकं घट्ट की बुटाने ढकललं तर घरंगळत जातं. तू बाटलीने दूध पाजून वाढवलेली बरोनेझा आता व्यायला आलीय आणि तिच्या बरगड्या लांबून दिसतात. मागच्या आठवड्यात तिची बहीण खाली बसली ती उठलीच नाही.

त्यावर शेजारचा अनेझियो कॉफी पिता पिता बाबांना विचारतो, झाडूंचा धंदा काढलास का? एरवी बाबांनी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी कप खाली ठेवून उठून गेले, जेवलेही नाहीत. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

शेवटी मी न विचारताच वरच्या कुरणाचं फाटक उघडलं. तिथलं गवत आखूड आहे, पण पानं आहेत. आणि ज्यावरून तुझं नि बाबांचं भांडण झालं, ते काड्या पचायला मदत करणारं, युरिया घातलेलं मीठ आणून गव्हाणीत टाकलं. बाबा फाटकाशी येऊन उभे राहिले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"जोएलने," मी म्हटलं.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते फाटकाला टेकले आणि म्हणाले, "अजून विचारतो तो आपल्या गवताचं?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

आता रोज सकाळी गव्हाणीपाशी जातात आणि परत येऊन विचारतात, जोएल आणखी काय म्हणतो? तुझं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगून झालं. काल म्हणाले, पाऊस आला की त्या मिठाचं काय करायचं, विचार त्याला. पाणी साचलं की ते विष होतं एवढंच मला आठवतंय, पुढचं नाही. बरोनेझा तगेल की नाही, तेही कळत नाही. रविवारी बाबांना फोन कर, जोएल. जुनं काही काढू नकोस. नुसतं विचार, गवत कसं आहे.

तुझ्या नावावर खोटं बोललेली, तुझीच,
नेउझा